शेकाप कम्युनिस्ट पक्ष आहे का, आणि तो रायगड-सांगोल्यापुरताच का उरला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) स्वतःला मार्क्सवादी म्हणवतो, लाल बावटा वापरतो, तरीही तो कम्युनिस्ट पक्षात नाही आणि समाजवाद्यांतही नाही. मग त्याची विचारसरणी नेमकी कोणती? आणि 1957 मध्ये प्रमुख विरोधी पक्षांत गणला गेलेला हा पक्ष आज एका आमदारावर का आला? अनेक वर्षे मी ग्रामीण भागात कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्ग घेतले, कुळांच्या आणि भूसंपादनाच्या कागदपत्रांत त्यांच्याबरोबर डोके घातले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. ते पक्षाच्या अधिकृत भूमिकेशी जुळेलच असे नाही.

आधी सरळ उत्तर. शेकाप कम्युनिस्ट पक्ष नाही. तो सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये गेलेल्या, तेथे कोंडी झाल्यावर बाहेर पडलेल्या आणि बाहेर पडल्यानंतर मार्क्सवाद स्वीकारलेल्या बहुजन शेतकरी नेतृत्वाचा पक्ष आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. कम्युनिस्ट पक्षाने आधी सिद्धांत घेतला आणि मग गिरणी कामगार व वारली आदिवासी यांच्यात पाय रोवले. शेकापकडे गावागावांत माणसे आधीपासून होती, सिद्धांत नंतर आला. पक्षाचे बळ आणि पक्षाची अडचण या दोन्ही गोष्टी या एका फरकातून निघतात, असे माझे मत आहे.

पुण्यातील जेधे मॅन्शन हे 1920 च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचे केंद्र होते. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी तेथून जी मोहीम चालवली, तिचा सूर सामाजिक होता: शेटजी-भटजींच्या वर्चस्वाला विरोध, जोतीराव फुले यांच्या विचाराचा प्रसार आणि शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण. 1930 च्या सुमारास जेधे आणि त्यांचे अनेक सहकारी काँग्रेसमध्ये गेले आणि महाराष्ट्रात काँग्रेस खेड्यापर्यंत पोहोचली ती बऱ्याच अंशी या प्रवेशामुळे. पण 1946 मध्ये सत्ता आल्यावर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आणि प्रांतिक काँग्रेसच्या निर्णयप्रक्रियेत या मंडळींना आपले वजन पडत नसल्याचे जाणवू लागले. धान्याची सक्तीची लेव्ही, शेतमालाला मिळणारा भाव, कुळांचे प्रश्न यांवर सरकार शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहत नाही, अशी तक्रार वाढली. त्यातून शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदींनी काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगार संघ काढला आणि ऑगस्ट 1947 मध्ये आळंदी येथे जमून पक्षाचा पाया घातला. 1948 मध्ये काँग्रेसने आपल्या पोटात वेगळी संघटना चालवण्यास मनाई केली, तेव्हा समाजवादी बाहेर पडले आणि शेकापही स्वतंत्र झाला.

आता दाभाडी. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातील या गावी 1950 मध्ये पक्षाने जो प्रबंध स्वीकारला, तो ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखला जातो आणि आजही पक्षाच्या शिबिरांत त्याचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. शंकरराव मोरे यांचा त्यात पुढाकार होता. मार्क्सवाद-लेनिनवाद हे पक्षाचे मार्गदर्शक तत्त्वज्ञान आहे, काँग्रेसचे राज्य हे भांडवलदार आणि जमीनदार यांच्या हिताचे राज्य आहे, आणि शेतकऱ्यांची मुक्ती कामगारवर्गाशी जोडल्याशिवाय होणार नाही, हा त्याचा गाभा. त्याच वेळी पक्षाने कम्युनिस्ट पक्षात विलीन होणे नाकारले. अभ्यासवर्गात तरुण कार्यकर्ते हमखास विचारत की, तत्त्वज्ञान तेच असेल तर पक्ष वेगळा कशाला? त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, जेध्यांच्या परंपरेतील कार्यकर्त्याला जातीचा प्रश्न आर्थिक प्रश्नाच्या पोटात टाकून देणे मान्य नव्हते, आणि 1942 च्या ‘चले जाव’ लढ्यापासून दूर राहण्याची कम्युनिस्ट पक्षाची भूमिका सातारा-सांगलीकडच्या माणसाला विसरता येत नव्हती.

प्रबंध स्वीकारल्याने पक्ष एकजीव झाला असे मात्र नाही, उलट लगेच फाटला. काहींना तो फारच डावा वाटला आणि काहींना पुरेसा डावा वाटला नाही. नवजीवन संघटना या डाव्या गटातून आलेले दत्ता देशमुख व त्यांचे सहकारी बाहेर पडले, र. के. खाडिलकर बाहेर पडले, कामगार किसान पक्ष निघाला. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि दत्ता देशमुखांच्या प्रवाहातून काही वर्षांनी लाल निशाण हा डावा गट उभा राहिला. दुसऱ्या टोकाला, खुद्द केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे 1954 च्या सुमारास काँग्रेसमध्ये परतले. ज्यांनी पक्ष काढला आणि ज्यांनी त्याला सिद्धांत दिला तेच सात-आठ वर्षांत निघून गेले, तरी पक्ष टिकला. विचारसरणी केवळ प्रबंधात असती तर तो टिकला नसता, आणि म्हणून प्रबंधापेक्षा जुन्या असलेल्या एका गोष्टीकडे वळावे लागते.

अलिबाग तालुक्यातील चरी या गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी कुळांनी संप जाहीर केला. खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही, असा हा संप होता. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या खारेपाटात भाताची जमीन समुद्राच्या भरतीपासून वाचवण्यासाठी मातीचे बांध घालावे आणि राखावे लागतात. ते श्रम कुळाचे, बी आणि बैल कुळाचे, पण पीक आल्यावर मोठा वाटा मक्ता म्हणून खोताच्या खळ्यावर जात असे. कुळाकडून कबुलायत लिहून घेतली जाई, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसूनही कागदोपत्री त्याचा हक्क कधी तयार होऊ नये, अशी व्यवस्था होती. वरून वेठ वेगळी. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप सुमारे सहा वर्षे चालला. पंचवीसेक गावांतील शेते पडीक राहिली, कुळांनी जंगलातील लाकूडफाटा आणि खाडीतील मासळी यांवर दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले, त्यांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. 1939 मध्ये संप मिटला, त्याच वर्षी कूळ कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. याच लढ्याच्या काळात, 1937 मध्ये, नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले.

या संपाच्या वेळी शेकापचा जन्मही झालेला नव्हता. पण पुढे रायगडात जो शेकाप वाढला, तो या घरांतून वाढला. त्या कार्यकर्त्याला वर्गसंघर्ष समजावून सांगावा लागत नाही, कारण आजोबांनी कबुलायतीवर अंगठा देण्यास नकार दिल्याची गोष्ट त्याने घरीच ऐकलेली असते. मी तर असे म्हणेन की दाभाडी प्रबंध ही पक्षाची भाषा आहे आणि चरी ही पक्षाची स्मृती आहे. भाषा अनेकदा बदलली, पण स्मृती असलेल्या जागीच पक्ष राहिला.

पक्षाचा सर्वांत मोठा काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि शेकाप तिचा ग्रामीण कणा ठरला. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे यांच्या सभा शहरांत गाजत होत्या, पण पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील गावांत मतदान काढणारी यंत्रणा बहुतांशी शेकापची होती. 1952 मध्ये मुंबई विधानसभेत 14 आणि हैदराबाद राज्यात 10 जागा मिळवलेल्या पक्षाने 1957 मध्ये मुंबई राज्यात 31 जागा जिंकल्या आणि लोकसभेत चार. 1962 पासून दहा वर्षे विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद कृष्णराव धुळप यांच्याकडे होते. विधिमंडळात अर्थसंकल्पावर तासन्‌तास आकडेवारीनिशी बोलणाऱ्यांची परंपरा या पक्षाने दिली, हे विरोधकही मान्य करतात. भाई उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, केशवराव धोंडगे, गणपतराव देशमुख या नावांचा आमदार म्हणून जो दबदबा होता, तो पक्षाच्या जागांच्या प्रमाणात कितीतरी मोठा होता.

मग ओहोटी का लागली? सर्वसाधारणपणे सांगितले जाते की महाराष्ट्र मिळाला आणि समितीचे प्रयोजन संपले. हे कारण खरे आहे, पण अर्धेच. खरा घाव यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ने घातला. शेकापचा आधार असलेला मध्यम शेतकरी, विशेषतः मराठा शेतकरी, याला जे हवे होते ते काँग्रेसने पुढच्या दहा वर्षांत देऊ केले: सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा. ब्राह्मणेतर चळवळीची तक्रार ‘सत्तेत आमचा माणूस नाही’ अशी होती. आता सत्तेत तोच माणूस बसला होता. यशवंतराव मोहिते यांच्यासारखे अभ्यासू नेते 1960 च्या सुमारास शेकाप सोडून काँग्रेसमध्ये गेले ते केवळ पदाच्या मोहाने, असे म्हणणे सोपे आहे, पण माझ्या मते अन्यायाचे आहे. सहकारातून शेतकऱ्याचे भले होईल, असे त्यांना मनापासून वाटत होते आणि काही अंशी ते झालेही.

हा बदल एका घरात कसा घडला, याचे उदाहरण सर्वज्ञात आहे. केशवराव जेधे यांच्या निधनानंतर 1960 मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने जेध्यांचे पुत्र गुलाबराव यांना उभे केले आणि शेकापतर्फे वसंतराव पवार उभे राहिले. पवारांचे घर शेकापच्या विचाराचे, आई शारदाबाई लोकल बोर्डावर काम केलेल्या, आणि धाकटा भाऊ शरद मात्र काँग्रेसच्या प्रचारात. वसंतराव हरले. शेकापच्या संस्थापकाचा मुलगा काँग्रेसचा उमेदवार आणि त्याच्या विरोधात शेकापनिष्ठ घर, त्यातही घर दुभंगलेले. पश्चिम महाराष्ट्रात पुढच्या काळात काय होणार होते, ते या एका निवडणुकीत दिसते.

याखेरीज एक अडचण पक्षाच्या नावातच होती आणि ती कधी सुटली नाही. शेतकरी म्हणजे कोण? खोताचे कूळ, पाच एकरांचा मालक, बागायतदार आणि भूमिहीन शेतमजूर हे चौघे एका झेंड्याखाली तोवर राहतात, जोवर समोर खोत, सावकार किंवा सरकार आहे. कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कृषकदिनी, कुळे मालक झाली. मालक झालेल्या कुळाला मजुरीचे दर वाढवण्याचे आंदोलन आपले वाटत नाही, हे कोणत्याही गावात बसून पाहता येते. पक्षाने शेतमजुरांच्या मागण्यांचे ठराव केले, दुष्काळात कामे मिळावीत म्हणून मोर्चे काढले, पण मजुरांची स्वतंत्र संघटना बांधण्यात तो लाल निशाण आणि कम्युनिस्टांच्या मागे राहिला. दलित मजूर बहुधा रिपब्लिकन पक्षाकडे गेला. आणि 1980 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘शेतमालाला रास्त भाव’ ही एकच मागणी घेऊन मैदान मारले, तेव्हा शेकापचा राहिलेला शेतकरीही काही काळ तिकडे झुकला. तीस वर्षे भावाचा प्रश्न मांडणाऱ्या पक्षाला तो एका ओळीत मांडता आला नाही, याची खंत जुन्या कार्यकर्त्यांकडून मी ऐकली आहे.

आता उरलेल्या दोन बालेकिल्ल्यांकडे येऊ. पक्ष तेथे टिकला याचे कारण जातीच्या गणितात शोधले जाते: रायगडात आगरी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यात धनगर समाज. ते गणित खोटे नाही. पण हे समाज इतरत्रही आहेत आणि तेथे शेकाप नाही. या दोन भागांत साखर कारखान्याचे राजकारण रुजले नाही आणि जमिनीचा किंवा पाण्याचा झगडा दर पिढीत नव्याने उभा राहिला, हे कारण मला अधिक पटते.

रायगडात खोत गेला आणि त्याच्या जागी सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ आले. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील 95 गावांची जमीन घेण्याचे ठरले. जानेवारी 1984 मध्ये जासईजवळ दास्तान फाटा आणि नवघर येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. 16 आणि 17 जानेवारी या दोन दिवसांत पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यातून ‘साडेबारा टक्के’ योजना निघाली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात चाळीस गुंठे गेलेल्या शेतकऱ्याला पाच गुंठे मिळायला हवेत, पण सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि हातात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठेच पडतात. तोवर वारस वाढलेले असतात. चार भाऊ आणि दोन बहिणींच्या नावावर साडेतीन गुंठ्यांचा एक भूखंड निघाला की तो बिल्डरला देण्यावाचून पर्याय उरत नाही. तरीही भूसंपादनात मोबदल्यापलीकडे जमिनीच्या वाढीव किमतीत मूळ मालकाचा वाटा असतो, हे तत्त्व या आंदोलनाने सरकारकडून मान्य करून घेतले. दाभाडी प्रबंधात न सापडणारे, पण शेकापच्या विचाराला पूर्णपणे साजेसे असे हे योगदान आहे. दि. बा. पाटील स्वतः पुढे पक्ष सोडून गेले, आणि तरी नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव मिळावे म्हणून सर्व पक्षांचे झेंडे घेतलेले लोक रस्त्यावर आले.

त्यानंतर महामुंबई सेझ. पेण, पनवेल, उरण तालुक्यांतील भातशेती एका खासगी उद्योगसमूहाच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा एन. डी. पाटील वयाच्या पंचाहत्तरीनंतर गावोगाव फिरले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारला जनमत घ्यावे लागले आणि पुढे भूसंपादन बारगळले. धरणाचे पाणी द्यायचे नाही आणि मग जमीन नापीक म्हणून घ्यायची, हा त्यातील मुद्दा शेतकऱ्याला कोणत्याही सिद्धांताशिवाय कळत होता.

सांगोल्यात प्रश्न पाण्याचा. गणपतराव देशमुख 1962 मध्ये पहिल्यांदा निवडून आले, 1972 आणि 1995 मध्ये पराभूत झाले, आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी, सहकारी सूतगिरणी आणि डाळिंब यांभोवती त्यांचे राजकारण फिरले. येथे सहकाराला शेकापचा विरोध नव्हता, उलट तो शेकापच्याच हाती होता. पश्चिम महाराष्ट्रात पक्ष ज्याने संपला, त्याच साधनाने सांगोल्यात टिकला, ही बाब पक्षाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहायला हवी.

सत्तेतील सहभागाबद्दल थोडेच सांगतो. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात एन. डी. पाटील सहकारमंत्री होते आणि 1999 च्या आघाडी सरकारातही पक्षाचे मंत्री होते. जून 2002 मध्ये रायगड जिल्हा परिषदेतील वादावरून पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढला. राज्याच्या धोरणावरून नव्हे, जिल्हा परिषदेवरून, हे लक्षात घ्या. 2014 मध्ये रायगड आणि मावळ लोकसभेत मनसेचा पाठिंबा, 2019 मध्ये रायगडात ज्यांच्याशी वैर होते त्याच राष्ट्रवादीच्या उमेदवाराला पाठिंबा, 2024 मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाबरोबर. यात डावी विचारसरणी शोधणाऱ्याची निराशा होणारच. लहान पक्षाला जिल्ह्यातील पकड टिकवण्यासाठी तडजोड करावी लागते, हे मी समजू शकतो, पण नेतृत्व अलिबागच्या पाटील घराभोवती एकवटले आणि अभ्यासवर्ग बंद पडले, त्याचे समर्थन करता येणार नाही. घरात फूट पडली की पक्षात फूट पडते, हे अलिबागने अलीकडेच पाहिले.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकच जागा मिळाली, सांगोल्याची. गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शिंदे गटाच्या विद्यमान आमदाराला हरवले, तेही ठाकरे गटाचा उमेदवार समोर असताना, म्हणजे आघाडीतील मित्रपक्षाशीही लढून. उरणमध्येही अशीच दोघांशी लढत झाली आणि तेथे भाजप जिंकला. पनवेल आणि अलिबागही गेले. तेव्हा ‘रायगड-सांगोल्यापुरताच का?’ या प्रश्नातील रायगड हा भागही सध्या विधानसभेपुरता तरी उरलेला नाही. तेथील शेतीच झपाट्याने भूखंडांत बदलत असल्याने, जमीन विकून बसलेल्या मुलाला शेतकरी कामगार पक्षाने आता काय म्हणून हाक मारायची, याचे उत्तर दाभाडीत नाही आणि चरीतही नाही. ते पक्षाने अजून लिहिलेले नाही.